मर्यादा होती, तरी मासा का घटला?

१/ मासेमारीवर मर्यादा घातली की मासा वाचतो, असा आपला समज असतो. न्यूझीलंडच्या ‘ऑरेंज रफी’ या खोल समुद्रातील माशाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याला बाजारात फारसे कोणी ओळखत नव्हते.

२/ १९८६ मध्ये तेथे कोटापद्धत आली. प्रत्येक हक्कदाराला ठरावीक टनांचा, विकता येणारा हक्क मिळाला. हा मासा बऱ्यापैकी लवकर वाढतो, हे त्यामागील गृहीतक होते.

३/ पुढे त्याच्या कानातील खड्यांवरची वलये मोजली गेली. मासा शंभरी ओलांडतो आणि प्रजननक्षम होण्यास त्याला वीसहून अधिक वर्षे लागतात, हे उमगले.

४/ आता मर्यादा उतरवायची, तर सरकारला टनांचे हक्क परत विकत घ्यावे लागत. म्हणून १९९० मध्ये हे हक्क एकूण मर्यादेतील हिश्श्यांत बदलले गेले. तरीही २००० मध्ये चॅलेंजर पठारावरील ही मासेमारी थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू होण्यास दशक लागले.

५/ ज्या जिवाचे वय ठाऊक नाही, त्याची मर्यादा आधी कमीच धरावी, हा धडा न्यूझीलंडला उशिरा मिळाला.