देवराईची सावली

परकी वनस्पति रानांत शिरते ती तट फोडून नव्हे. वेस उघडी सांपडली म्हणजे शिरते. मावळचा गेल्या दीड-दोन शतकांचा इतिहास या दृष्टीनें वाचण्याजोगा आहे.

घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागांतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजांनीं ती बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानांत आणली. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, लोणावळ्यास बंगले उठले, १९११ नंतर वळवणचें धरण बांधलें गेलें. झाड तुटलें तेथें ऊन पडलें, आणि उघड्यावर घाणेरीला रान मोकळें झालें. १९४१ सालीं तिच्या नाशासाठीं ऑस्ट्रेलियाहून एक कीटक आणविण्यांत आला. तरी ती हटली नाहीं.

आतां पवन मावळांतील आजिवलीची देवराई पाहा. तेथील भेरली माड वाघजाईच्या धाकानें राखले गेले. अशा रायांत झाडांचे माथे एकमेकांत मिसळतात, खालीं दाट सावली पडते, आणि उन्हाची भुकेली घाणेरी त्या सावलींत सहसा मूळ धरीत नाहीं. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवराया अभ्यासून त्यांच्या रक्षणाचा कैवार घेतला.

कोणी या धाकाला भोळेपणा म्हणेल. परंतु ज्या धाकाला तणाची वार्ताहि नव्हती, त्यानेंच तणाला थोपविलें. आज कित्येक ठिकाणीं देवाला सिमेंटचें देऊळ मिळतें आणि भोंवतालचीं झाडें जातात. घाणेरी दरसाल उपटतां येईल. गेलेली सावली मात्र एका पिढींत परत येत नाहीं.