मक्ता

‘तोडणे, कापणे’ या अर्थाच्या ज्या अरबी धातूपासून सुलतानी अमदानीतील ‘इक्ता’ निघाला, त्याच धातूचे ‘मक्ता’ हे अपत्य फारसी दफ्तरांच्या वाटेने मराठीत आले. ठराविक रकमेवर तोडून दिलेला वसुलीचा वा विक्रीचा हक्क, हा त्याचा अर्थ. निजामाच्या अमलात वऱ्हाडचा महसूल असाच सावकारांकडे लावून दिला जाई, आणि मक्तेदारास रयतेचा कळवळा आल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही.

पुढे या शब्दाने ‘एकाधिकार’ असा संस्कृत वेष धारण केला. चिखली तालुक्यातील उंद्रीच्या कास्तकाराला, खामगावची जुनी नामांकित कापूसपेठ जवळ असूनही, १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ पासून अमलात आलेल्या ‘एकाधिकार खरेदी’ने आपला कापूस सरकारखेरीज कोणास विकण्याची मुभा ठेवली नाही. व्यापाऱ्याच्या पिळवणुकीतून त्याची सुटका करावी, हा हेतू प्रांजळ होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत, आणि मध्य प्रदेशात भाव चढला की स्वतःच्याच शेतातला माल सीमेपार नेणारा शेतकरी कायद्याच्या लेखी तस्कर ठरे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा रोष नेमका या बंदीवर होता. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीस वाट मिळाली. हमीभावाची सरकारी खरेदी त्यानंतरही राहिली, मात्र अनेक गिऱ्हाइकांतील एक म्हणून.