अविभक्त वारसा : हैदराबादच्या दोन इस्टेटींचा इतिहास

महाजनपण वंशपरंपरेने प्राप्त होते; परंतु देवस्थानची मालमत्ता वंशजांत वाटली जात नाही. देवाच्या पालखीचे, समयांचे वा अलंकारांचे हिस्से पाडावेत असा विचारही कोणा महाजनाच्या मनास शिवत नाही. खाजगी इस्टेटीस मात्र हे संरक्षण नसते. कर्त्या पुरुषाने डोळे मिटले की वाटणीचा प्रश्न उभा राहतो, आणि जी वस्तू अखंड राहिली तरच मोलाची, तिचे काय करावयाचे हा त्यातील सर्वांत बिकट प्रश्न होय. या दृष्टीने हैदराबाद शहरातील दोन इस्टेटींचा इतिहास मननीय आहे.

नवाब मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९ साली पुणे येथे झाला. जन्मानंतर महिनाभरातच त्यांचे पितृछत्र हरपले. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत १९१२ ते १९१४ या काळात ते हैदराबाद संस्थानचे दिवाण होते. ते पद सोडल्यावर उर्वरित आयुष्य त्यांनी कलावस्तू व ग्रंथ यांच्या संग्रहास वाहिले. त्यांचे आजोबा पहिले सालारजंग यांनी १८७६ साली इटलीत खरेदी केलेली बेन्झोनी या शिल्पकाराची अवगुंठित रेबेकेची संगमरवरी मूर्ती घराण्यात होतीच. नवाबांनी त्यात हस्तलिखिते, चित्रे, शस्त्रे, हस्तिदंती व जेड पाषाणाच्या वस्तू यांची अखंड भर घातली.

२ मार्च १९४९ रोजी नवाब निवर्तले. ते अविवाहित होते. पोटची संतती नसल्याने दूरच्या आप्तांचे हक्क पुढे आले. मुसलमानी उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्यूच्या क्षणीच प्रत्येक वारसाचा ठरावीक हिस्सा उत्पन्न होतो. शेतजमिनीचे असे अंश पाडता येतात, रोख रकमेचेही येतात. परंतु हजारो वस्तूंच्या एका संग्रहाचे अंश पाडले तर संग्रह म्हणून काहीच उरत नाही. लिलाव झाला असता तर त्या वस्तू जगभर विखुरल्या असत्या.

तसे घडले नाही. सरकारने आप्तांच्या संमतीने सालारजंग इस्टेट कमिटी नेमली. तत्कालीन मुख्य प्रशासक वेल्लोडी यांनी संग्रहालयाची कल्पना उचलून धरली, आणि कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांनी वस्तूंची मांडणी केली. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नवाबांच्याच दिवाण देवडी या वाड्यात संग्रहालय खुले झाले. पुढे उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्यान्वये तडजोड होऊन वारसांनी संपूर्ण संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ साली संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला, व १९६८ साली तो मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील नव्या वास्तूत गेला.

या इतिहासाशेजारी निजामांच्या लंडनमधील ठेवीचे उदाहरण ठेवावे. हैदराबाद संस्थान शरण आल्यानंतर, २० सप्टेंबर १९४८ रोजी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील निजामांच्या खात्यातून १० लक्ष ७ हजार ९४० पौंड व ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या नावे वळती झाली. थोड्याच दिवसांत निजामांनी ती परत मागितली. बँकेने दिली नाही. १९५७ साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने परराष्ट्राच्या सार्वभौमत्वाचे कारण देऊन दावा थांबविला. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी निजाम पैगंबरवासी झाले. ठेव मात्र बँकेतच राहिली. २०१३ साली प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल लागला, तोही भारत सरकार व निजामांचे नातू यांनी आपसांत समझोता करून एकत्र बाजू मांडल्यावर. तोवर एकाहत्तर वर्षे लोटली होती. रक्कम वाढून सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. परंतु जिची ती ठेव, त्या व्यक्तीस तिचा एक पैसाही उपभोगता आला नाही.

दोन्ही प्रकरणांत अखेर मार्ग निघाला तो समेटानेच. भेद एवढाच की एके ठिकाणी समेट दहा वर्षांच्या आसपास झाला व दुसरीकडे दोन पिढ्या खर्ची पडल्या. सालारजंगांच्या आप्तांनी हक्क सोडला म्हणून त्यांचे घराणे लहान झाले नाही. उलट त्या घराण्याचे नाव आज त्या वास्तूच्या दारावर आहे.

गोव्यातील कायद्याने, पोर्तुगीज नागरी संहितेच्या काळापासून, मुलेबाळे असणाऱ्यास आपल्या अर्ध्याच मालमत्तेची मृत्युपत्राने मनाजोगती व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा भाग वारसांचा असतो. मुसलमानी कायद्यात वारसांच्या संमतीवाचून ही मर्यादा एक तृतीयांश आहे. कायदे भिन्न असले तरी उभयतांस लागू पडणारी गोष्ट एकच : घरातील कोणती वस्तू वाटावयाची व कोणती अखंड ठेवावयाची, याचा विचार हयातीतच व्हावा, तो कागदावर उतरावा, आणि वारसांस तो आधी कळावा. देवघरातील मूर्ती, पूर्वजांच्या वह्या, मूळ घर यांचे भवितव्य न्यायालयाच्या पायरीवर ठरू नये. देवस्थानची मालमत्ता अविभक्त ठेवण्याची शिस्त ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्यांस ती आपल्या घरी पाळणे अवघड वाटू नये.