अफवेला चाळणी लावणारी माणसे

सप्टेंबर १९९४ ज्यांना आठवतो, त्यांना सुरतेचा प्लेगही आठवत असेल. आधी आपल्या बीड जिल्ह्यात गाठीचा प्लेग आढळला, पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन दिसेनासे झाले. परदेशी विमान कंपन्यांनी भारताकडे येणारी उड्डाणे थांबवली. प्रत्यक्ष रोगाने दगावलेल्यांची संख्या मात्र शंभराच्याही आत होती. खरे काय आणि खोटे काय, हे वेळेवर सांगणारा विश्वासाचा आवाज नसला, की रोगाच्या आधी भीतीचीच साथ पसरते.

योगायोग असा, की त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट १९९४ मध्ये, अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी नेमके हेच काम हाती घेतले होते. जॅक वूडॉल, स्टीफन मोर्स आणि बार्बरा हॅच रोझेनबर्ग ही त्यांतली प्रमुख नावे. उपक्रमाचे नाव ठेवले ‘प्रोमेड-मेल’. नव्याने डोके वर काढणाऱ्या रोगांची खबर जाणकारांनी एकमेकांना ई-मेलने द्यायची, एवढीच कल्पना. सुरुवातीला सात देशांतले चाळीस सभासद. वर्गणी नाही, चित्रे नाहीत, निव्वळ साधा मजकूर. कारण दूरच्या एखाद्या रुग्णालयातल्या डॉक्टरलाही, रडतखडत चालणाऱ्या टेलिफोनच्या तारेवरून, ते पत्र उघडता यायला हवे होते.

याची गरज का पडली? त्या काळी साथीच्या बातमीचा रस्ता ठरलेला होता. गावचा डॉक्टर जिल्ह्याला कळवणार, जिल्हा राजधानीला आणि राजधानी जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कळवण्याचे बंधन तीनच रोगांचे होते: प्लेग, पटकी आणि पीतज्वर. शिवाय साथ जाहीर करायची म्हणजे पर्यटन बुडणार, निर्यात थांबणार. त्यामुळे या रस्त्यावरच्या प्रत्येक टेबलावर कागद थोडा वेळ विसावत असे. कधी तो तिथेच झोपून जाई.

ई-मेलने हा रस्ता एकदम आखूड केला. पण त्याबरोबर नवी अडचण आली. जे कोणीही पाठवू शकतो, त्यावर विश्वास कोणी ठेवायचा? प्रोमेडने यावर शोधलेला उपाय म्हणजे मॉडरेटर. आलेले पत्र आपोआप पुढे जात नाही. आधी ते संपादक पाहतो, मग त्या विषयाच्या जाणकाराकडे जाते. विषाणूचे तज्ज्ञ वेगळे, जिवाणूचे वेगळे, जनावरांचे आणि पिकांच्या रोगांचेही वेगळे. तो जाणकार विचारतो: ही लक्षणे एकमेकांशी जुळतात का? या भागात, या ऋतूत हा रोग संभवतो का? दुसऱ्या कुणी याला दुजोरा दिला आहे का? मग मजकूर जातो आणि त्याखाली चौकटी कंसात मॉडरेटरचे भाष्य, आपल्या आद्याक्षरांसह. बातमी कुठे संपली आणि मत कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. पाठवणाऱ्याला आपल्या देशात त्रास होणार असेल, तर त्याचे नाव झाकता येते.

पण खरी कसोटी लागते ती खात्री होत नसेल तेव्हा. छापले आणि खोटे निघाले, तर एखाद्या शहराचे सुरत होईल. दाबून ठेवले आणि खरे निघाले, तर माणसे मरतील. यासाठी प्रोमेडने एक साधी सोय केली. पत्राच्या मथळ्यातच लिहायचे: माहितीची विनंती. म्हणजे, आम्ही असे ऐकले आहे, खरे-खोटे आम्हाला माहीत नाही, कुणाला ठाऊक असल्यास कळवा. अफवेचा प्रश्न करून टाकायचा, की तिचे विष बरेच उतरते.

१० फेब्रुवारी २००३ रोजी असेच एक पत्र निघाले. अमेरिकेतल्या स्टीफन कनियन या डॉक्टरांनी विचारले होते, की चीनमधल्या ग्वांगजौ शहरात कसली साथ आहे काय? तिथली रुग्णालये बंद झाली आहेत आणि माणसे मरत आहेत, असे त्यांच्या कानावर आले होते. मूळ खबर शिक्षकांच्या इंटरनेटवरच्या गप्पांतली. एखाद्याने ती सहज केराच्या टोपलीत टाकली असती. मॉडरेटरने ती प्रश्न म्हणून पुढे पाठवली. दुसऱ्याच दिवशी चीनने तीनशे पाच रुग्ण आणि पाच मृत्यू झाल्याचे कळवले. तो रोग म्हणजे सार्स. त्याने पुढे आठ हजारांवर लोकांना गाठले आणि ७७४ जणांचा बळी घेतला.

या अनुभवातून २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले. सरकारांखेरीज इतरांकडून आलेल्या बातमीचीही दखल घेऊन त्या देशाकडे विचारणा करण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेला मिळाला. चाळीस माणसांच्या पत्रव्यवहाराने घालून दिलेला पायंडा असा नियमांत आला.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये जेद्दाहमधले इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहमद झाकी यांनी एका मृत रुग्णात नवाच कोरोना विषाणू सापडल्याचे प्रोमेडवर कळवले. लंडनमध्ये कतारहून आलेला एक रुग्ण अत्यवस्थ होता, आजार उमगत नव्हता. ते पत्र पाहून तिथे तपासणी झाली आणि विषाणू जुळला. तो मर्स. झाकींना मात्र नोकरी गमावून मायदेशी परतावे लागले. खरे बोलण्याची किंमत कधीकधी बोलणाऱ्याच्या खिशातून जाते.

३० डिसेंबर २०१९ च्या रात्री वूहानमधल्या निदान न झालेल्या न्यूमोनियाबद्दल असाच प्रश्न निघाला. चिनी समाजमाध्यमांवरच्या कुजबुजीची खबर मिळताच मार्जोरी पोलॅक या न्यूयॉर्कमधल्या उपसंपादिकेने काही तासांत शोधाशोध केली आणि मध्यरात्रीच्या आत पत्र पाठवले. पुढचे आपण सारे जाणतोच.

इतकी मोठी कामगिरी, पण तिचा डोलारा उभा होता तुटपुंज्या मानधनावर. २०२३ च्या उन्हाळ्यात पैसा आटला. इतर लोक आमचा मजकूर उचलून विकतात, असे सांगत चालकांनी वर्गणी लावायचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये एकवीस मॉडरेटरांनी थकलेल्या मानधनाची तक्रार करत काम थांबवले. सेवा त्यानंतरही चालू राहिली, पण वर्षानुवर्षे नजर तयार झालेली काही माणसे बाहेर पडली.

आता बातम्या चाळायला यंत्रे आहेत आणि ती हजारो पाने क्षणात वाचतात. पण आलेल्या ओळीखाली ‘मला खात्री नाही’ असे लिहून आपली आद्याक्षरे टाकणे, हे जबाबदारी घेण्याचे काम आहे. तशी सही करणारी माणसे साथ आल्यावर धावाधाव करून मिळत नाहीत. साथ नसतानाच्या शांत दिवसांत त्यांना जपावे लागते.