तंबाखूचीं नवीं पात्रें

इ.स. 1604 च्या सुमारास अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुराहून परतला, तेव्हां त्याच्या सामानांत एक नवलाची वस्तु होती. ती म्हणजे तंबाखू. पोर्तुगीजांच्या गलबतांतून दख्खनमध्यें उतरलेली ही वनस्पति मोगल दरबाराला तोंवर अपरिचित होती. बादशहानें नळी तोंडास लावतांच राजवैद्यानें हरकत घेतली. ज्या द्रव्याविषयीं वैद्यकग्रंथ मौन धरतात, तें पारखल्यावांचून सेवन करूं नये, असें त्याचें म्हणणें होतें. बादशहानें तिची संवय लावून घेतली नाहीं. प्रजेनें मात्र लावून घेतली. 1617 सालीं जहांगिरानें घातलेली बंदीहि निष्फळ ठरली.

पुढील चार शतकांत एक गोष्ट वारंवार घडलेली दिसते. तंबाखूवर दोष आला कीं, माणूस तिचें पात्र बदलतो. पाण्यांतून नेलेला धूर निर्दोष होतो, हा समज हुक्क्यानें रूढ केला. 1950 सालीं डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनीं धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध दाखविला. त्या दशकांत गाळणीची सिगारेट बाजारांत पसरली. त्या सौम्य म्हणविणाऱ्या सिगारेटींनीं लोकांच्या आरोग्याचा लाभ झाला नाहीं, असा निर्वाळा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें 2001 सालीं दिला. मग 2003 च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञानें विजेवर चालणारी ई-सिगारेट तयार केली. तींत ज्वलन नाहीं, म्हणून डांबर नाहीं. निकोटीन मात्र बाष्परूपानें पोटांत नव्हे, थेट फुप्फुसांत जातें.

मधुमेही माणसाला हा भेद नीट समजणें अगत्याचें आहे. चरक-सुश्रुतांना ठाऊक असलेल्या या रोगावर 1922 सालीं टोरोंटो येथें प्रथमच इन्सुलिन टोचण्यांत आलें आणि रोग्याचें आयुष्य वाढलें. आयुष्य वाढलें, तशी रक्तवाहिन्या, डोळे, मूत्रपिंडें व पाय यांची काळजीहि वाढली. धूम्रपान करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका तीस ते चाळीस टक्क्यांनीं अधिक असतो, असें अमेरिकेच्या सर्जन जनरलनें 2014 सालीं नमूद केलें. यांत दोष एकट्या धुराचा नव्हे. निकोटीनमुळें इन्सुलिनला शरीर पुरेशी दाद देत नाहीं व रक्तांतील साखर चढूं शकते. म्हणून धूर सुटला, ही कमाई खरी. पण ती अर्धीच होय.

या साधनाविषयीं देशोदेशींचें मत एक नाहीं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेनें 2015 सालीं तें सिगारेटीहून बरेंच कमी घातक ठरविलें. भारतानें 2019 च्या सप्टेंबरांत वटहुकुमानें व डिसेंबरांत कायद्यानें त्याचें उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद केली. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद, अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगितलीं आहेत.

अर्थात् नांदेड-लातूरच्या मधुमेह्यापुढें खरा मोह दुसराच असतो: बिडी टाकून चुना-तंबाखूची चिमूट दाढेखालीं धरण्याचा. 2016-17 च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं 3.8 टक्के धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. येथेंहि पात्र बदलतें, निकोटीन राहतें, आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय अधिक जडतें.

याच नांदेडांत 1708 सालीं गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेवला. 1699 सालीं त्यांनीं स्थापिलेल्या खालसा पंथानें तंबाखू वर्ज्य मानली. तिचें पात्र बदलून घेण्याची मुभा ठेवली नाहीं. सर्वांस असा निर्धार एका दिवसांत साधत नाहीं. त्यांच्यासाठीं वैद्यक मोजक्या मात्रेचा निकोटीनचा डिंक देतें, पण तो दिवसेंदिवस कमी करून थांबविण्यासाठीं. तंबाखू सुटतांना भूक व वजन वाढतें, साखर कमीजास्त होते. म्हणून रोग्यानें डॉक्टरांस आधीं सांगून औषधाची मात्रा तपासून घ्यावी. नवें पात्र हातीं आलें तर त्यानें एकच प्रश्न विचारावा: हें सोडण्याचा दिवस ठरला आहे काय?