चारीवरचा उजेड

मानवतच्या शिवारात डोंगर नाही. काळी सपाट जमीन, पाऊस झाला की गुडघाभर चिखल. त्यामुळं पाण्याची वीज ही आम्हाला घाटातली गोष्ट वाटायची. १९१५ साली टाटांनी खोपोलीला वीज काढली ती लोणावळ्याकडचं पाणी जवळपास सतराशे फूट खाली सोडून. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. आमच्याकडं एवढी उंची आणायची कुठून? जिल्ह्यात येलदरी होती, पूर्णेवर. तिथं धरण बांधूनच उंची तयार केली आणि साडेसात मेगावॅटचे तीन संच बसवले. ती वीज तारांवरून कुठं कुठं गेली असेल. आमच्या आखाड्यावर कंदीलच होता.

मग जायकवाडी आली. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन. पैठणहून निघालेला २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात उतरला आणि त्याची एक चारी आमच्या बांधाला लागून गेली. पाणी यायचं पाळीनं, आणि आमची पाळी नेमकी रात्री. अण्णा कंदील घेऊन बारे मोडायला जायचे. एकदा वाऱ्यानं कंदील गेला आणि अंधारात घोणस पायाशी. फुत्कार ऐकू आला म्हणून वाचले. तेव्हापासून पाळीच्या रात्री माय झोपायची नाही.

मी तेव्हा नववीत. चारीला एका ठिकाणी फूटभराची पायरी होती, तिथं पाणी धबाधबा पडायचं. भंगारातून जुन्या सायकलचा सांगाडा आणला, किलोच्या भावानं. पायडल काढून तिथं गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पाती ठोकली. पुढच्या मोठ्या दात्यावरून चेन मागच्या चाकाला, आणि मागच्या टायरला डायनॅमो टेकवलेला. पहिल्या दिवशी पाती उलटी फिरली. फ्रीव्हील नुसतं कटकट करत राहिलं, मागचं चाक जागचं हललं नाही. सगळा सांगाडा फिरवून बसवला तेव्हा जमलं. मोठा दाता अठ्ठेचाळीस दातांचा, लहान अठराचा. पाती मिनिटाला चाळीसेक फेरे घेत असतील तर टायर शंभराच्या पुढं. सायकल बऱ्यापैकी हाणल्यावर डायनॅमो जसा पेटतो तसा पेटला.

हिशेब पुढं कॉलेजात कळला. सेकंदाला २८ लिटर पाणी फूटभर पडलं तर त्यात सारी मिळून ८० वॅटच्या आसपास ताकद असते. आमच्या पत्र्याला त्यातली पाव मिळाली तरी २० वॅट. डायनॅमो देतो सहा व्होल्टला तीन वॅट, बाकीचं घासण्यात जातं. खोपोलीत एक लिटर जे काम करतं त्याला आम्हाला सतराशे लिटर लागायचे. पण आम्हाला गिरणी थोडीच चालवायची होती! वायर लांबवली की दिवा मिणमिणायचा, म्हणून तो चारीपासून चाळीस-पन्नास फुटांवर, बाभळीला टांगला. तीन पाळ्या माय झोपली.

चौथ्या पाळीला टेलचे तात्या आले. त्यांचं रान चारीच्या शेवटाला.

"कामून अडवलास रे पाणी?"

"अडवलं नाही तात्या. चाक पाणी खात नाही. जेवढं वरून येतं तेवढंच खाली जातं."

"खात नसंल. पण थांबवतंय ना?"

मी शाळेतलं सांगत राहिलो. अण्णा काही न बोलता कंदील घेऊन चारीच्या कडेनं वर गेले, मी मागोमाग. पात्यांनी पाणी वीतभर फुगवलं होतं आणि पायरीच्या वरच्या अंगाला खेकड्यांनी पोखरलेल्या बांधातून ते दुसऱ्याच्याच पडीक रानात झिरपत होतं. गवत भिजून चमकत होतं. तात्यांच्या पाळीतलं किती पाणी गेलं ते कुणी मोजलं नाही. त्यांचा गहू मात्र पिवळा पडलेला मी पाहिला होता. आधी पाहिला होता, हेही सांगायला पाहिजे. मला वाटलं होतं, खत कमी पडलं असेल.

येलदरीत वीज काढून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात धरून शेतीला देतात. आमच्या खाली असं धरणारं काही नव्हतं, तात्या होते.

"बांध लिंपून घेऊ," मी म्हणालो.

"लिंपू की," अण्णा म्हणाले, "उद्या. आता त्यांची पाळी चालू हाय."

त्यांनीच सांगाडा उचलला. पाती थांबली तसा दिवा गेला. कंदील वरच राहिला होता. वायर आम्ही चाचपडत सोडली, तिघांनी.