साहेबाचे कट्टे, दोन मिनिटांचं ग्रहण आणि सूर्यावर सोडलेलं रडार

१८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'चे फोटो फिरायला लागतात. सोबतचा मजकूर ठरलेला: १८६८ साली लॉकियरसाहेबाने इथूनच हेलियम शोधला. किल्ला आज सिंधुदुर्गात असला तरी १९८१ पर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळे अभिमान मलाही आहे. पण तारखा एकदा नीट लावून बघू.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. नॉर्मन लॉकियर मात्र इंग्लंडात. २० ऑक्टोबरला त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आलं.

लॉकियर विजयदुर्गावर आले हे खरंच. पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. 'मेल्पोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसं त्यांच्या मदतीला होती. त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आपली उपकरणं लावून बसले होते.

एवढा खटाटोप कशासाठी? सूर्याच्या बाहेरच्या वातावरणासाठी, म्हणजे करोनासाठी. सूर्यबिंबापुढे तो लाखो पटींनी फिका. चंद्राने बिंब झाकलं तरच दिसणार, तेही त्या दिवशी जेमतेम दोन मिनिटं. ढग आला की सगळं मुसळ केरात!

पुढे १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या ल्यो यांनी दुर्बिणीतच बिंब झाकायची युक्ती काढली. आणि एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एशलमन आणि सहकाऱ्यांनी थेट सूर्यावरच रडार रोखलं. करोना हा विद्युतभारित वायू. ठरावीक लांबीच्या रेडिओ लहरी त्यात विशिष्ट खोलीपर्यंत जातात आणि मागे फिरतात. जाऊन-येऊन अंतर तीस कोटी किलोमीटर, वेळ सोळा मिनिटांच्या वर. म्हणून साधारण पाव तास लहरी पाठवायच्या, मग तेवढाच वेळ कान लावून बसायचं. सूर्याची स्वतःची रेडिओ खरखर एवढी, की तो क्षीण प्रतिध्वनी गणिताने गाळून काढावा लागला.

नंतर टेक्सासमधल्या एल कॅम्पो इथे १९६१ ते १९६९ हे काम नियमित चाललं. परतलेल्या लहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून करोनातल्या वायूची हालचाल कळू लागली. त्यासाठी ग्रहणाची वाट बघावी लागत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच. हेलियम दिन जरूर साजरा करा, पण कट्ट्यांपुढे उभं राहून पोरांना १८९८ हे साल सांगा. करोनाच्या अभ्यासाच्या लांबलचक गोष्टीतली दोन मिनिटं आपल्या किनाऱ्यावर घडली, आणि ती खरी आहेत. खरा इतिहास हाताशी असताना उसना कशाला मिरवायचा?